झाकणभर सेलेनियम

वाईट झालं ते यमुनाबाई कापगते यांचं. गाव दिघोरी, तालुका लाखांदूर. आणि झालं ते यंदाच्या पोळ्याला, तोरण तुटून बैल घरोघरी परतले तेव्हा, दिवस मावळायच्या जरा आधी. पोळ्याहून आलेल्या बैलाचे पाय घरच्या बाईने दारात धुवायचे असतात. यमुनाबाईने भुऱ्याच्या पुढच्या पायावर तांब्याने पाणी ओतलं, खुरावरून हात फिरवला, आणि खूर तिच्या हातात हलला. सैल झालेल्या वहाणेसारखा. भुऱ्या तिथंच उंबऱ्यापाशी बसला. शिंगांना रंग, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. तो परत उठला नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण ज्या माणसाविषयी लिहायला बसले आहे तो बोलायला फार गोड आहे. तो एकदा बोलायला लागला की बैल विसरायला होतो. मी पण थोडा वेळ विसरले असते, इतका गोड.

मी संघटनेची पत्रकं लिहिते. काय झालं, कुणी केलं, मागणी काय, पाठपोट एका कागदात संपवायचं ही माझी शिस्त. हेडाऊ सर पाठपोट मावत नाहीत. एका कागदात त्यांच्यासाठी फक्त शिवी बसेल, आणि शिवी वाचून लोक म्हणतील, पोरगी तापट आहे, सोडा. म्हणून जरा लांबण लावते.

सर भंडाऱ्याचे. घरी पूर्वी हातमाग होते. सर स्वतः मागावर कधी बसले नाहीत, शिकले, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, निवृत्त झाले. पण विणकराच्या घरातली एक सवय बोटांत राहून गेली होती. कोणतीही वस्तू हातात आली की अंगठा आणि बोटात धरून चोळून बघायचे, लुगड्याचा पोत बघतात तशी. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, चोळायचे, अळिंबी, म्हणजे मशरूम, चोळायचे. कुणी लग्नपत्रिका दिली तरी आधी कागद चोळायचे, मग नाव वाचायचे. कपडे पांढरे, कडक इस्त्रीचे. गाडीच्या डिकीत स्वतःची घडीची खुर्ची. ती काढून मांडायचं काम महिला गटातल्या कुठल्या तरी बाईचं. बुटावर तणसीची काडी पडली तर बोलता बोलता खाली वाकून रुमालाने झटकायचे, आणि रुमाल उलटा घडी घालून दुसऱ्या खिशात ठेवायचे. धानाच्या मुलखात येऊन तणसीची एवढी शिसारी असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

आणि धंदा तर सगळा तणसीवरच. खनिजयुक्त औषधी अळिंबी. म्हणजे असं की धानाची तणस टाकीत भिजवायची, त्या पाण्यात खनिजाचा क्षार विरघळवायचा, तणस वाफवून प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायची, तिच्यात अळिंबीचं बियाणं पेरायचं आणि पिशव्या अंधाऱ्या खोलीत टांगायच्या. अळिंबी उगवताना तणसीतलं खनिज ओढून घेते. ती सुकवायची, दळायची, डब्यात भरायची. डब्यावर हिरवं पान आणि धावणारा माणूस. शहरात लोक ती भुकटी अन्नपूरक म्हणून सकाळी कोमट पाण्यात घेतात. सरांचं खनिज होतं सेलेनियम. हे शरीराला लागतं, अगदी कणभर. कणाच्या पुढे गेलं की विष. हे मला आता माहीत आहे. सरांना तेव्हाही माहीत होतं, त्यांनी जन्मभर हेच शिकवलं होतं.

दिघोरीच्या समाजमंदिरात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी योगायोगाने तिथे होते, दुसऱ्याच कामाच्या बैठकीसाठी. सरांनी खुर्चीवर बसून सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि विचारलं,

"बायांनो, तुम्ही जेवता, की नुसतं पोट भरता?"

कौसल्या पुढेच बसली होती. तिच्या तोंडाला गाव भितं. "आमी तं दोन्ही करतो जी. तुमी एकच करता काय?"

समाजमंदिर हसलं. सर सगळ्यात मोठ्याने हसले. ही त्यांची करामत होती. आपल्यावर केलेला विनोद ते असा उचलून खिशात घालत की पुढे विनोद करणाऱ्यालाच त्यांचा माणूस झाल्यासारखं वाटे.

"बरोबर," ते म्हणाले. "आता ऐका. जे मातीत नाही ते धानात नाही. धानात नाही ते ताटात नाही. ताटात नाही ते रक्तात कुठून येईल? पांढरा भात खाऊन खाऊन आपण आतून पांढरे झालो."

"पण टेकोडे तं आमी पावसाळ्यात बांधावरून आणतोच," यमुनाबाई म्हणाली. टेकोडे म्हणजे आमच्याकडची रानातली अळिंबी. "त्यात नाई काय हे?"

"त्यात चव आहे, बाई. ह्यात विज्ञान आहे."

मग त्यांनी पांढरी प्लास्टिकची बाटली काढली. तिचं निळं झाकण उघडलं, त्यात पूड ओतली आणि सगळ्यांना दाखवलं. एका टाकीला एक झाकण. संपलं माप.

"सर, झाकण सपाट का शिगोशीग?" कौसल्याने विचारलं.

सर गोड हसले. "तू भाजीत मीठ तराजूनं मोजून टाकतेस का?"

सगळ्या बाया हसल्या. कौसल्यापण हसली. त्या हसण्यात तिचा प्रश्न बुडाला. मला राहून राहून ह्या क्षणाचीच किळस येते. ज्या माणसाने पोरांना तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत श्वास धरायला शिकवलं, त्याने बायांच्या हातची चव त्यांच्याच तोंडावर झाकण म्हणून ठेवली. तुम्हाला अंदाज येतो, तुम्ही हुशार आहात, मापाची गरज तुम्हाला नाही. स्तुती करून अडाणी ठेवायचा हा प्रकार मी त्याआधी पाहिला नव्हता.

सर वाईटच होते असं लिहिलं असतं तर हे लिहिणं सोपं झालं असतं. त्यांनी यमुनाबाईला माइकवर उभं केलं. त्याआधी ती बैठकीत भिंतीला टेकून, पदर तोंडाशी धरून बसायची. सरांनी तिला पहिल्या तोडीच्या दिवशी पुढे बोलावलं आणि म्हणाले, "ह्या माझ्या शास्त्रज्ञ. ह्या सांगतील अळिंबी कशी लावली." ती अडखळत सांगत गेली आणि शेवटी पदर तोंडापासून कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. त्या दिवसापासून ती सरांची झाली. पहिली निघालेली अळिंबी घरी देवापुढे ठेवली, दुसरी सरांना दिली. "सर हायेत म्हणून मी बोलून राहिली," असं ती मला कितीदा म्हणाली असेल. सरांना मात्र तिचं नाव शेवटपर्यंत पाठ झालं नाही. कधी यशोदाबाई म्हणत, कधी जमुना. पाहुणे आले की 'माझ्या शास्त्रज्ञ'. त्यात नाव लागत नाही.

गटाच्या अळिंबीच्या खोलीवर आले की दरवेळी ते बायांसमोर स्वतः एक चमचा भुकटी घेत. डोळे मिटून थोडा वेळ थांबत. "पेशी जाग्या झाल्या," म्हणत. हे ते मनापासून करत, यात मला शंका नाही. हा माणूस भोंदू असता तर भुकटी नुसती विकली असती, खाल्ली नसती. ह्याने खाल्ली.

हिवाळ्यात खरेदीदाराकडून निरोप आला की मालात खनिज कमी भरतंय. सरांनी बाटली उचलली आणि म्हणाले, "दोन टाका. शीग लावून." बस.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. यमुनाबाईने सरांना जेवायला बोलावलं, गटातल्या बायांना आणि मलाही. वांग्याची भाजी, तांदळाची भाकर. सरांनी भाजी चिमटीत धरून चोळली, नाकाशी नेली आणि ताट सरकवलं. "लसूण? मी लसूण-कांदा सोडला, बाई. किती वर्षं झाली." मग लसणाने मन कसं तामसी होतं यावर ते बोलत राहिले. समोर बसलेल्या बाया हळूहळू मागे सरकत गेल्या. कारण सरांच्या तोंडाला लसणाचा वास येत होता. साधा नाही, भपकारा. वेलची चघळत होते तरी येत होता.

हात धुवायला ते बाहेर गेले तशी कौसल्या म्हणाली, "काय वो यमुना, सरानं लसूण सोडला का लसणानं सराले धरलं?"

"चूप बस," यमुनाबाई म्हणाली. पण तिलाही हसू आवरेना.

"आन् बोटाच्या पट्ट्या पायल्या काय? म्हणते, कारच्या दारात सापडली बोटं. दोन्ही हाताची? मंग दार लावलं कोणी, पायानं?"

आम्ही तोंडात पदर, ओढण्या कोंबून हसलो.

उन्हाळ्यात पाहुणे आले. कुणी अधिकारी, कुणी खरेदीदार, कुणी फोटो काढणारे. सरांनी बायांना पांढरे कोट आणि टोप्या दिल्या. खोलीवर ओली पोती टाकून ती गार ठेवली होती. सगळं बेतशीर होतं, फक्त खोलीमागे एक मोठा ढीग होता. अळिंबी काढून झालेल्या पिशव्यांतली वापरलेली तणस. अळिंबी धरून धरून ती मऊ झालेली, पांढुरकी. फोटोत ती येत होती. सरांनी नाक मुरडलं.

"हा कचरा हटवा आधी. कुठंही न्या."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. आता लक्षात घ्या, आमच्याकडे तणसीला कचरा म्हणायची रीत नाही. आमच्या भागात तणस फेकणारी बाई बघितली तर लोक तिला वेडी समजतील. तणस गोठ्यात जाते. दुसरीकडे कुठे जाईल? बायांनी कोट काढून ती आपापल्यात वाटून घेतली, ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांनी आपला वाटा दुसरीला दिला, आणि भारे डोक्यावर घेऊन त्या रांगेने घरी निघाल्या. यमुनाबाईकडे बैलजोडी होती, भुऱ्या आणि लाख्या. तिला जास्त मिळाली. बाया आधीपासूनच थोडी थोडी तणस नेत होत्या. त्या दिवशी ढीगच गेला.

पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, "या बायका काय नेतायत?"

"चारा," सर म्हणाले. छाती फुगली होती. "बघा. काही वाया जात नाही इथे. झिरो वेस्ट!" फोटोवाल्याला हाक मारली. भारे घेतलेल्या बायांचा फोटो निघाला. मग पाहुण्यांना कोमट पाण्यातून भुकटी दिली. सरांनी स्वतः घेतली नाही. "आज उपास आहे," म्हणाले.

त्यानंतर आला पोळा.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्याला लोणी-हळद लावताना यमुनाबाईला दिसलं होतं की भुऱ्याच्या शेपटीचा गोंडा विरळ झालाय. नवरा म्हणाला, म्हातारा होऊन राहिला. मधे लंगडत होता, तेव्हा म्हणाले, काटा गेला असेल. तोरणाखाली भुऱ्या उभा होता तेव्हा मागच्या माणसाने टोमणा मारला, "कापगत्याचा बैल नाचते का रडते?" आणि मग दारात ते पाणी, आणि तो खूर.

पोळ्याच्या दिवशी दारात बैल पडणं म्हणजे केवढा अपशकुन, हे गावातल्याला समजावायला नको. बघायला सगळे आले. बाशिंग घातलेला बैल उंबऱ्याशी बसलाय आणि पायातून पाणी-रक्त येतंय. दिराने अंगणातच आवाज चढवला. "बाई माणूस माइकवर बोलाले गेली, गोठा उघडा पडला. बैल उपाशी मारला हिनं, मशरूमच्या नादात." कुणी विरोध केला नाही. भुऱ्या काही दिवस तसाच पडून होता, मग गेला. तो गेला आणि ते वाक्य राहिलं. नळावर, दुकानात, गुरं जमतात त्या आखरावर, जिथं यमुनाबाई गेली तिथं ते तिच्या आधी पोचलेलं असायचं. तिने बैल मारला. पदर परत तोंडाशी आला.

जनावरांचे डॉक्टर तालुक्याहून आले होते. त्यांनी लाख्यालाही बघितलं, त्याच्याही शेपटीचे केस गळत होते. "चारा काय देता?" त्यांनी विचारलं.

"मशरूमची तणस," यमुनाबाईने सांगितलं. त्या अवस्थेतही आवाजात थोडा अभिमान होता. "नरम राहते. आवडीनं खाते."

"तिच्यात काय टाकता?"

कौसल्याने निळ्या झाकणाची बाटली आणून दाखवली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि बाटली जमिनीवर ठेवली, जरा लांब. "अळिंबी यातलं थोडंसंच ओढते," ते म्हणाले. "बाकीचं सगळं तणसीत राहतं. ते बैलाच्या पोटात गेलं. जास्त झालं की आधी केस जातात, मग खूर. माणसाचं पण तसंच. नखं सुटतात. तोंडाला लसणासारखा वास मारतो."

कौसल्याने माझ्याकडे बघितलं. यमुनाबाईने खाली बघितलं. पुढे तणस तपासायला गेली, आणि डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं.

आम्ही तिघी सरांच्या घरी गेलो. एसटी भंडाऱ्याजवळ कारध्याच्या पुलावर आली तेव्हा यमुनाबाई म्हणाली, "सराले मालूम नसंल वो. मालूम असतं तं सांगितलं असतं." कौसल्याने खिडकीबाहेर तोंड केलं.

सरांच्या पत्नीने चहा दिला. यमुनाबाईने पिशवीतून मूठभर तणस काढून टीपॉयवर ठेवली. सरांनी ती उचलली आणि, मी शपथेवर सांगते, चिमटीत धरून चोळून बघितली.

"मी तुम्हाला जनावरांना घाला म्हणालो होतो का?"

"नाई जी," यमुनाबाई म्हणाली. "पण आमी नेत होतो तवा तुमी पाहून राहिले होते. फोटो बी काढला."

"फोटो काढला म्हणजे घाला म्हणालो?" मग एकदम आवाज मऊ. तोच समाजमंदिरातला गोडवा. "हे बघा, घाबरू नका. ही फार मोठी गोष्ट नाही. प्रमाण जरा चढलं की होतं असं. अहो, मलासुद्धा झालं होतं." आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले, बोटं पसरून. पट्ट्या नव्हत्या. नखं गुलाबी, गुळगुळीत, नुकती आलेली. "सगळी गेली होती. भुकटी बंद केली. आली की नाही परत? बघा. हात लावून बघा."

यमुनाबाईसमोर, जिच्या हातात खूर सुटून आला होता तिच्यासमोर, तो माणूस आपली नखं दाखवत होता. आणि खुशीत होता. त्याला वाटत होतं, तो तिला धीर देतोय.

"कधी बंद केली, सर?" मी विचारलं.

"होळीच्या सुमारास."

होळी. म्हणजे पाहुण्यांच्या आधी. 'कुठंही न्या'च्या आधी. उपास होता त्या दिवसाच्या आधी. आपल्या तोंडातला चमचा त्यांनी काढला होता, आणि टाकीतली दोन झाकणं तशीच पडत राहिली होती.

"मंग आमाले काहून नाई सांगितलं?" कौसल्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. त्यात विनोद नव्हता.

"तुम्ही घाबरला असता. गट मोडला असता. एवढं उभं केलेलं सगळं बसलं असतं."

यमुनाबाईने कप खाली ठेवला. चहा भरलेलाच होता. "माह्या भुऱ्याले परत खूर आला असता तं मी बी चहा पिऊन घरी गेली असती, सर," ती म्हणाली. "मले भरपाई नोको. तुमी फक्त गावात या. ग्रामसभेत उभे राहा आन् सांगा का बाईची चूक नोती. तणसीत दवा होती, आन् मी सांगितलं नाई. एवढंच. मंग मी तुमचं नाव बी नाई घेणार."

सरांनी विचार केला. खरंच विचार केला, ढोंग नव्हतं. मग म्हणाले, "जमुनाबाई, मी आलो तर लोक आज तणसीचं विचारतील. उद्या डब्यांचं विचारतील."

हे त्यांनी कबुली म्हणून सांगितलं नव्हतं. अडचण म्हणून सांगितलं. आम्ही समजून घेऊ अशी त्यांची अपेक्षा होती.

"यमुना," ती म्हणाली. उठता उठता. "माहं नाव यमुना हाये."

तेव्हापासून काय झालं? सर दिघोरीला आले नाहीत. गटाच्या खोलीत पिशव्या अजून टांगलेल्या आहेत. तणस सगळ्यांनी नेली होती, कुणाच्या गाईची शेपटी झडली आहे, कुणाची शेळी लंगडते आहे, पण बोलायला कुणी तयार नाही. बोललं तर माल जाणार नाही. एका बाईने मला सरळ सांगितलं, "तिचा तं बैल मेलाच नं, बाई. आता आमचं काम कायले मारता?" हेडाऊ सरांची मला किळस येते. पण खरं सांगू? ह्या उत्तराची जास्त येते. सर भंडाऱ्याला राहतात. ही बाई यमुनाबाईच्या भिंतीला भिंत लावून राहते.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, महामार्गालगतच्या एका हॉलमध्ये. नव्या गावांच्या नव्या बायांना प्रशिक्षण होतं. बायांची गर्दी होती, नव्या साड्या, वह्या, उत्सुक चेहरे. मी दारात उभी राहून पत्रकं वाटत होते: भुऱ्याचं काय झालं, तणस गोठ्यात नेऊ नका, हे. सरांनी मला बघितलं. हाकललं नाही. चालत आले, पत्रक मागून घेतलं, उन्हात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं, मान डोलावली. "भाषा चांगली आहे तुझी," म्हणाले. मग परत व्यासपीठाकडे गेले. तिथं डबे मांडलेलं टेबल एका पायाने डुगडुगत होतं. सर खाली वाकले, माझ्या पत्रकाची चौपदरी घडी घातली आणि टेबलाच्या त्या पायाखाली सरकवली. टेबल हलवून बघितलं. आता नीट उभं होतं. ते समाधानाने हात झटकत वर उठले, माझ्याकडे बघून हसले आणि माइक हातात घेतला.

त्या कागदाच्या बाहेर राहिलेलं सगळं मी इथे लिहिलं आहे. आता तुमचं काम.

तुमच्या गावात खनिजाची अळिंबी लावणारी खोली असेल तर तिची तणस गोठ्यात गेली आहे का, ते आज बघा, आणि गेली असेल तर आजच बाहेर काढा. तुमच्या घरी तसला डबा असेल तर विकणाऱ्याला विचारा, यात किती आहे आणि कुणी मोजलं. नीट उत्तर मिळेपर्यंत चमचा लावू नका, पोरांना तर नाहीच. आणि तुम्ही दिघोरीचे असाल, त्या दिवशी डोक्यावर भारा घेतलेल्या बायांपैकी एक असाल, तर येत्या ग्रामसभेला या. हेडाऊ सर येणार नाहीत, त्यांची वाट बघू नका. तुम्ही उभ्या राहा. तणस आम्ही पण नेली, सर पाहत होते, आम्हाला कुणी सांगितलं नाही, यमुनाची चूक नाही, एवढं मोठ्याने म्हणा. यमुनाबाई तिथं बसलेली असेल. माइककडे बघू नका, सरपंचाकडे बघू नका. तिच्याकडे बघून म्हणा.